शिंकांकडे दुर्लक्ष नको

पावसाळा सरता सरता रस्त्याकडेला, पडीक जागेत गाजरगवताची पांढरी फुले दिसू लागतात. १९५०च्या दशकात पुण्यात ध्यानात आलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्याचे परागकण नाकात गेले की काहींना शिंकांवर शिंका येतात, डोळे चुरचुरतात. ‘सर्दीच ती, जाईल आठवड्यात,’ असे म्हणून आपण सोडून देतो. पण नाक आणि फुप्फुसे ही एकाच श्वासमार्गाची दोन टोके आहेत. नाकातल्या सुजेपाठोपाठ काहींच्या श्वासनलिकाही सुजतात, आकसतात. पहाटेचा खोकला, छातीत घरघर, जिना चढताना धाप हा दम्याचा इशारा असू शकतो. डॉक्टरांना वेळीच दाखवा. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर तडक रुग्णालय गाठा.

‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज आहे. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत पोचते, म्हणून त्याची अगदी अल्प मात्रा पुरते. बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका.

आणि गाजरगवत उपटायचे ते फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून, नाकातोंडाला फडके बांधून. दमेकऱ्याने मात्र हे काम दुसऱ्यावर सोपवावे.