तरुण डोळ्यांतला मोतीबिंदू

मोतीबिंदू म्हटला की साठी उलटलेला माणूसच आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला फळ्यावरची अक्षरे धूसर दिसू लागली, आणि तपासणीअंती तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आढळला, तर तो केवळ नेत्रविकार समजून शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर करणे, म्हणजे शरीराने धाडलेली तातडीची वर्दी न वाचताच दप्तरदाखल करण्यासारखे आहे. मार, स्टेरॉइडची औषधे, आनुवंशिकता अशी इतर कारणेही असतात, हे खरे. तथापि क्वचित प्रसंगी, मधुमेहाचे निदान होण्यापूर्वीच, हा मोतीबिंदू त्याची पहिली खूण म्हणून प्रकट होतो.

बाहुली औषधाने विस्फारून बारीक प्रकाशझोतात पाहिले असता भिंगाच्या वेष्टणालगत हिमकणांसारखे पांढरे ठिपके विखुरलेले दिसू शकतात. रक्तात वाढलेली साखर नेत्रजलावाटे भिंगात शिरते, आणि त्या प्रवेशासाठी तिला इन्सुलिनची गरज लागत नाही. तेथे तिच्यापासून सॉर्बिटॉल नावाचा पदार्थ बनतो, तो सहजासहजी बाहेर पडू शकत नाही, पाणी मात्र आत ओढून घेतो, आणि भिंगाचे तंतू फुगून अखेरीस फुटतात. शर्कराजन्य मोतीबिंदू झालेल्या उंदरांच्या भिंगात असे पदार्थ तयार होतात, हे रूथ व्हॅन हाइनिंगन यांनी १९५९ साली दाखवून दिले.

मला खरी चिंता वाटते ती घरातल्या समजुतींची. मूल घटाघटा पाणी पिते, रात्री लघवीला पुनःपुन्हा उठते, भरपूर जेवूनही रोडावत जाते, या साऱ्याचा ठपका आपण उन्हाळ्यावर नाहीतर परीक्षेच्या जागरणांवर ठेवतो, आणि चष्म्याचा नंबर वरचेवर बदलला तरी नवी काच बसवून निश्चिंत होतो. अशा मुलाची रक्तशर्करा त्याच दिवशी तपासावी. उपाशीपोटी ती १०० मिलिलिटर रक्तात १२६ मिलिग्रॅम वा अधिक भरणे हे मधुमेहाचे लक्षण होय. या वयात इन्सुलिनला विलंब झाल्यास रक्तातील आम्ल वाढून प्राणावर बेतते. टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये ज्या रुग्णाला इन्सुलिन प्रथम टोचले गेले, तोही चौदा वर्षांचा मुलगाच होता.

साखर आटोक्यात आल्यावर अगदी प्रारंभीचा मोतीबिंदू काही रुग्णांत ओसरल्याच्या नोंदी आहेत; बहुतेकांना मात्र शस्त्रक्रिया करावीच लागते, आणि ती झाल्यावर, आजवर गढुळलेल्या भिंगाआड दडलेला दृष्टिपटल नेत्रवैद्याकडून अवश्य तपासून घ्यावा.