कोंदण आणि कसोटी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळास आठ्या पडण्याचा संभव आहे. अर्धवाहक चिपांची जुळणी व तपासणी हा विषय अभियंत्यांच्या सभेत शोभावा. पिढ्यान्‌पिढ्या सोनारकाम करीत आलेल्या आपल्या मंडळींपुढे तो कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु हिरा कितीही मोलाचा असला तरी कोंदणावाचून तो अंगावर चढत नाही, आणि सोने कितीही पिवळे दिसले तरी कसास उतरल्यावाचून त्यास भाव येत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. आजची हकीकत याच दोन गोष्टींची आहे.

मोबाईल, मोटार, दूरदर्शन संच या सर्वांच्या पोटात चिपा असतात. सिलिकॉनच्या ताटाएवढ्या चकतीवर अशा शेकडो चिपा एकाच वेळी घडविल्या जातात व मग चकती कापून त्या सुट्या केल्या जातात. सुटी चिप म्हणजे नखाएवढा ठिसूळ तुकडा. तिला बाहेरच्या जगाशी जोडून कवचात बसविणे ही जुळणी, आणि ती कामास योग्य आहे की नाही हे पाहणे ही तपासणी.

ही जोडणी कशाने होत असे? सोन्याच्या तारेने! ही तार साधारणतः २५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढी. ठिणगीने तिचे टोक वितळवून इवलासा मणी करावयाचा, आणि उष्णता, दाब व सूक्ष्म कंपने यांच्या साहाय्याने तो चिपेवर दाबून बसवावयाचा. मध्ये डाख नाही की दुसरा धातू नाही. पुढे सोन्याचा भाव चढला तसे अनेक कारखाने तांब्याच्या तारेकडे वळले. तथापि रीत तीच राहिली.

हे काम फार काळ दुय्यम मानले गेले. १९६० च्या दशकाच्या आरंभी फेअरचाइल्ड या अमेरिकन कंपनीने ते हाँगकाँगला नेले. सन १९७२ मध्ये इंटेलने मलेशियातील पेनांग येथे कारखाना काढला. सूक्ष्मदर्शकावर वाकून तारा जोडणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. बुद्धीचे काम एकीकडे आणि हातांचे काम दुसरीकडे, अशी ही वाटणी होती. आपल्या समाजास ती अपरिचित नाही.

आज मात्र ही वाटणी मोडत आहे. चिपेवरील रचना अधिकाधिक बारीक करणे अतिशय खर्चाचे झाल्यामुळे, एकच मोठी चिप करण्याऐवजी अनेक लहान चिपा शेजारी शेजारी वा एकीवर एक बसविण्याची युक्ती पुढे आली. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकातच चिप पालथी घालून धातूच्या सूक्ष्म गोळ्यांवर झाळण्याची रीत काढली होती. तिचाच हा विस्तार होय. सन २०१३ मध्ये एसके हायनिक्स या कोरियन कंपनीने स्मृतिचिपांची उतरंड रचून दाखविली. सन २०२२ मध्ये एएमडी कंपनीच्या संगणकचिपेवर दुसरी चिप अशी बसविली गेली की तांबे तांब्यासच भिडले, झाळणीची गरजच उरली नाही. चिपांमधील अंतर घटल्याने वेळ वाचतो व वीजही वाचते. कोंदण आता नुसते धरून ठेवीत नाही. हिऱ्याचे तेज किती पडावे, हेही तेच ठरविते.

आता कसोटीकडे वळू. आमचा जन्म फळ्यापुढे गेला, तेव्हा एक गणित मांडल्यावाचून राहवत नाही. समजा, शंभरांतील नव्व्याण्णव चिपा चांगल्या आहेत. अशा बारा चिपांची उतरंड रचली तर शंभरांपैकी किती उतरंडी निर्दोष निघतील? केवळ ८८ किंवा ८९! आणि शंभरांत पाच चिपा सदोष असतील तर जवळजवळ निम्म्या उतरंडी वाया जातील. कारण एका नासक्या चिपेबरोबर अकरा चांगल्यांचेही मोल बुडते. म्हणून चकती कापण्यापूर्वीच बारीक सुया टेकवून प्रत्येक चिप तपासतात, आणि कवचात बसविल्यावर पुन्हा तपासतात. काही चिपा तर सुमारे १२५ अंश सेल्सिअस उष्णतेत तासन्‌तास चालवून पाहतात, की ज्यांना लवकर मरावयाचे आहे त्यांनी कारखान्यातच मरावे, मोटारीच्या ब्रेकात नव्हे.

आपल्या देशातही हे काम येत आहे. सन २०२३ मध्ये गुजरातेत साणंद येथे मायक्रॉन कंपनीच्या प्रकल्पास मंजुरी मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आसामातील जागीरोड येथे टाटांच्या २७,००० कोटी रुपयांच्या, तर साणंद येथे सीजी पॉवरच्या ७,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली. हे तिन्ही प्रकल्प जुळणी व तपासणीचेच आहेत.

यावरून "ही तर आपल्याच पूर्वजांची कला" अशी प्रौढी कोणी मिरवील, तर आम्ही त्याच्याशी सहमत नाही. तार जोडण्याचे कसब यंत्राने केव्हाच आपल्या हातचे काढून घेतले. सोनाराचा मुलगा म्हणून कोणी त्यास साणंदला बोलावणार नाही. तेथे पदार्थविज्ञान, रसायन, गणित आणि तंत्रनिकेतनातील पदविका यांचीच विचारपूस होईल. आपल्या घरांत मात्र अद्याप पदवी म्हणजे प्रतिष्ठा आणि पदविका म्हणजे कमीपणा अशी समजूत आहे. हातात हत्यार धरणाऱ्या मुलास स्थळ सांगून येताना लोक नाक मुरडतात. मुलगी कारखान्यात जाते म्हटले की चर्चा होते, ती वेगळीच.

म्हणून संस्थेच्या कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे की, शिक्षणनिधीतून पदवीच्या विद्यार्थ्यांस जे साहाय्य मिळते, तेच पदविका व औद्योगिक प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसही मिळावे. पूर्वजांकडून घ्यावयाचे ते एवढेच की, गिऱ्हाइकास दिसो वा न दिसो, खोटा डाग पेढीवरून जाऊ द्यावयाचा नाही. यंत्र दोष दाखवील. परंतु सदोष माल अडविण्याचा निश्चय माणसासच करावा लागतो. तो निश्चय मुलांच्या अंगी बाणविणे आपल्या हाती आहे.