काल पोटात काय काय गेलं?

ठिकठिकाणच्या नर्सिंग कॉलेजांतून आलेले शिक्षक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

सोलापुरात तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची थोरवी गायची असा रिवाज आहे. चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराचं तळं यांची थोरवी स्टेशनपासून इथवरच्या पाट्यांनी आधीच सांगितली असेल. मी जन्मभर वॉर्डात वावरलेली बाई. मला गाव ठाऊक आहे ते पेशंटच्या खाटेजवळून, तेव्हा तेच सांगते.

आयसीएमआरचा 2023 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की देशात मधुमेही 10 कोटींच्या वर आहेत आणि उंबरठ्यावर उभे असलेले 13 कोटींच्या वर. एवढ्या लोकांना आहारतज्ज्ञ पुरायचे कुठून? छापील आहारतक्ता हातात पडल्यावर पेशंट वळतो तो सिस्टरकडेच, आणि हळूच विचारतो, “सिस्टर, गूळ चालतो ना?” नाही चालत. साखरेइतकाच तोही शुगर वाढवतो. पण हे सांगण्याआधी तुम्ही त्याला काही विचारलं पाहिजे, आणि आजच्या परिषदेकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

“काय खाता?” असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: “साधंच हो, भाजी-भाकरी.” त्याऐवजी “काल सकाळी उठल्यापासून पोटात काय काय गेलं?” असं विचारून बघा. मग चार वेळचा चहा बाहेर येतो, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत खारी किंवा बिस्किटं. चहाला आपल्याकडे कोणी खाणं म्हणतच नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरी भाताशिवाय जेवण होत नाही. त्याला “भात बंद” म्हणालात तर तो मान डोलावेल आणि घरी जाऊन भातच खाईल. भात निम्मा करा, डाळ आणि भाजी वाढवा, हे त्याला जमतं. विडी वळणारी बाई हजार विड्यांचा हिशेब पुरा करायच्या नादात दुपारचं जेवण चार वाजेपर्यंत ढकलते, पण सकाळची गोळी मात्र वेळेवर घेते. तिच्या तक्त्यात आधी घड्याळ यायला हवं. आणि हो, पुरुष पेशंट असेल तर स्वयंपाक करणारीला समोर बसवा. तो नुसता होकार देतो, मीठ-तेल तिच्या हातात असतं.

“मी एवढा काटकुळा, मला कसली शुगर?” हेही ऐकाल. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर मोठं काम केलं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच हलकी भरली, पण अंगावरची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. हाडकुळ्या दिसणाऱ्या माणसाचीही कंबर मोजायची ती यासाठी.

आता ज्वारी. मंगळवेढ्याची ज्वारी आमचा अभिमान, तिला भौगोलिक मानांकनही आहे. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू असतात. पण कर्बोदकं 67-68 ग्रॅम असतात, हे आम्ही सोलापूरकर सोयीस्कर विसरतो. भाकरी चांगली म्हणून चार हाणल्या तर ग्लुकोमीटर काही अभिमान बाळगत नाही.

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. तुमच्यातले काही जण आषाढीला आरोग्यसेवेच्या तंबूत उभे राहतील. समजा, एकादशीला एक आजी येतात. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली, त्यावर फक्त कोरा चहा. दुपारी दरदरून घाम, हात थरथरतात, बोलणं तुटक. सोबतचे म्हणणार, “उपवासाने चक्कर आली.” तुम्ही आधी बोट टोचा. आकडा 70 च्या खाली असेल आणि आजींना गिळता येत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर उपवासाला चालते, त्यामुळे आजीही नाही म्हणणार नाहीत! मात्र त्या व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असतील तर साखर पचायलाच वेळ लागतो. तिथे ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. संध्याकाळी त्याच आजी साबुदाण्याची खिचडी खाणार, म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, आणि शुगर दुसऱ्या टोकाला जाणार. “उपवास सोडा” असं त्यांना सांगू नका, ऐकणार नाहीत. “एकादशीच्या आधी डॉक्टरांना गोळीचं विचारा,” हे ऐकतील.

बोट टोचण्याआधी हात धुवायला लावा. नुकतं केळं सोललेल्या बोटावरचा थेंब शुगर खोटीच वाढवून दाखवतो.

एका गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिथे जीव जातो. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा मिलिलिटरला 40 युनिटची असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनातली कार्ट्रिज मिलिलिटरला 100 युनिटची. त्या ताकदीची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधलं औषध लाल सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात 20 नाही, 50 युनिट जातात. उलट, बाटलीतलं केशरी सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत घेतलं तर जेमतेम 8. घरी जाणाऱ्या पेशंटला “समजलं ना?” असं विचारू नका. त्याच्या हातात त्याची बाटली, त्याची सिरिंज द्या आणि भरून दाखवायला सांगा. घरात फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्याचा उपाय सांगा. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका हे सांगा. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं असतं.

सगळं मीच सांगितलं तर वक्ते रागावतील. जेवण एक वाजता आहे, उशीर होणार नाही. इन्सुलिन घेणारे काही शिक्षक आपल्यात आहेत, त्यांनी टोचून घेण्यासाठी व्यासपीठामागची खोली वापरावी. दुपारच्या सत्रात 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने पावलांची संवेदना तपासायची आहे, आणि ती एकमेकांच्याच पावलांवर, तेव्हा बुटांच्या नाड्या आत्तापासूनच सैल केल्यात तरी हरकत नाही. उद्घाटकांना विनंती करते की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.