लिहा ताई, पण वहीत हिशेब मांडून

(3 जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त प्रभागसंघाचा मेळावा झाला. त्यात आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण, बऱ्याच जणींनी मागणी केल्यामुळे, इथे देत आहोत.)



आज सावित्रीमाईंची जयंती. दरवर्षी आपण त्यांच्या शाळेबद्दल बोलतो, अंगावर झेललेल्या शेण-चिखलाबद्दल बोलतो. एक गोष्ट मात्र राहून जाते. माई लेखिका होत्या. 1854 साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह छापून आला. तेव्हा त्यांचं वय होतं तेवीस. म्हणजे आज तुमच्यासमोर उभी आहे त्या माझ्याहूनही लहान. म्हणून आज मी बचत आणि बँक जोडणी सोडून लिहिण्याबद्दल बोलणार आहे. आणि लिहिण्यातून पैसे मिळतात का, याबद्दल.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो एका गटाच्या बैठकीत. गटाचं नाव सांगत नाही, ताईंचंही नाही. पण त्यांना विचारूनच सांगते आहे.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. या ताई दहावीपर्यंत शिकलेल्या. दिवसा शिलाई करतात. रात्री जेवणं, भांडी उरकली, पोरं झोपली, की मोबाईलवर गोष्टी लिहितात. त्या दिवशी त्यांनी गटाकडे 15,000 रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. सचिव ताईंनी पेन उघडलं आणि विचारलं, “कारण काय लिहू? शेळी, मशीन की दवाखाना?” ताई म्हणाल्या, “पुस्तक.”

क्षणभर कोणी बोललंच नाही. मग एक जण हसली. मग सगळ्याच हसल्या.

ताईंना फोन आला होता. समोरचा माणूस म्हणाला, “मॅडम, तुमची कथा आम्हाला फार आवडली. तुमचं पुस्तक ऑनलाइन काढू. 15,000 भरा, मुखपृष्ठ आम्ही करू, जाहिरात आम्ही करू, आयुष्यभर घरबसल्या रॉयल्टी येईल.” रॉयल्टी म्हणजे पुस्तकाची प्रत विकली गेली की त्यातला लेखकाचा वाटा.

मला हसू आलं नाही, कारण मी स्वतः यातून गेले आहे. समाजकार्याचं शिक्षण घेत असताना मीही एका कवितासंग्रहासाठी 2,000 रुपये भरले होते. माझी एक कविता छापून आली, दोन प्रती मिळाल्या, एक सुंदर प्रमाणपत्र मिळालं. विक्रीतला वाटा आजपर्यंत एक रुपयाही आला नाही. ते पैसे आईने दुधाच्या पैशातून दिले होते. तिने प्रमाणपत्र भिंतीवर लावलं. पैसे परत आले नाहीत हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आज इथे सांगते आहे.

तर त्या बैठकीत मी फळ्यावर हिशेब मांडला. 15,000 कर्ज, दरमहा दोन टक्के, दहा हप्ते. मुद्दल कमी होत जाते तसं व्याज कमी होतं, तरी एकूण व्याज 1,650. म्हणजे फेडायचे 16,650. तो माणूस म्हणाला होता, पुस्तकाची किंमत 150 आणि एका प्रतीमागे 30 रुपये तुमचे. आता 16,650 ला 30 ने भागा. 555 प्रती खपल्या तर कर्ज फिटेल. नफा त्यानंतर सुरू. ताई फळ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “गावात पुस्तक विकत घेणारी दहा माणसं नाहीत गं. साडेपाचशे कुठून आणू?”

कर्ज मंजूर झालं नाही. पण ताई पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, “पैसे नाही दिले त्याचं काही नाही. हसल्या त्याचं वाईट वाटलं.” मैत्रिणींनो, हे मला आधी सांगायचं होतं. हिशेब चुकला असेल तर हिशेब दाखवा. बाईने काहीतरी लिहिलं म्हणून तिला हसू नका.

आता मूळ प्रश्न. ऑनलाइन लिहून पैसे मिळतात का? मिळतात. पण ते कुठून येतात हे समजून घेतलं पाहिजे. मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट, वाचक पैसे देतात. प्रतिलिपीसारखी ॲप्स तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या मोबाईलमध्ये आहेत. प्रतिलिपी मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालतं. तिथे कथा टाकायला पैसे लागत नाहीत. अशा ॲपवर वाचक वर्गणी भरतात किंवा आवडत्या लेखिकेला भेट म्हणून काही रक्कम देतात, त्यातला वाटा लेखिकेला मिळतो. पण चांगली रक्कम बहुतेक त्यांनाच मिळते, ज्या वर्षानुवर्षं, जवळजवळ रोज, लांबलचक कथामालिका लिहितात आणि ज्यांचे हजारो वाचक झालेले असतात. अशा लेखिका आहेत, पण थोड्या.

दुसरी वाट, पुस्तकाची विक्री. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः चढवता येतं. चढवायला फी नाही. पॅन कार्ड, बँक खाते आणि थोडी इंग्रजी वाचणारी भाची जवळ असली की झालं. पुस्तक कोणत्या अटींवर ठेवलं त्यानुसार लेखिकेला 35 किंवा 70 टक्के रॉयल्टी मिळते. ऐकायला छान वाटतं. पण सत्तर टक्के कशाचे? विकल्या गेलेल्या प्रतींचे. प्रतच विकली गेली नाही तर सत्तर टक्के म्हणजे शून्यच. पुस्तक दुकानात ठेवणं आणि पुस्तक विकणं यात फरक आहे. आपल्या पापड-मसाल्याच्या स्टॉलवर हे आपण शिकलोच आहोत.

तिसरी वाट, जाहिरात. कोणी आपल्या गोष्टी आवाजात वाचून यूट्यूबवर टाकतात. तिथे जाहिरातीतला वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात 4,000 तास लोकांनी आपले व्हिडिओ पाहिलेले लागतात. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. एका माणसाने चार मिनिटं ऐकलं असं धरलं, तर साठ हजार वेळा कोणीतरी ऐकलं पाहिजे. आणि ही फक्त दारात पाऊल टाकायची अट झाली.

हे ऐकून त्या ताई म्हणाल्या, “मग सोडून देऊ?” मी म्हटलं, नको. सहा महिने करून बघू. अट दोनच. एक रुपयाही भरायचा नाही, आणि बचत गटासारखी वही ठेवायची. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? लेखे अद्ययावत ठेवणे. तेच इथे. तारीख, किती वेळ लिहिलं, किती आले, किती गेले.

जून ते नोव्हेंबर ताईंनी एका ॲपवर एका कथेचे साठ भाग टाकले. एका भागाला साधारण दोन तास. म्हणजे 120 तास. त्यांच्या खात्यात जमा दिसले 380 रुपये. तासाला तीन रुपयांच्या आसपास. आणि तेही अजून बँकेत आलेले नाहीत, कारण ठराविक रक्कम झाल्याशिवाय ते काढता येत नाहीत. त्याच 120 तासांत त्यांनी किती ब्लाउज शिवले असते, हे त्यांनी स्वतःच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे. तो आकडा मी सांगत नाही.

पण वहीत अजून एक रकाना होता, “काय मिळालं”. त्यात पैशाशिवायच्या गोष्टी लिहायच्या होत्या. रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सने कळवलं होतं की तुमच्या गोष्टीतली सासू अगदी माझ्या आईसारखी बोलते. दुसऱ्या एका वाचकाने सांगितलं की ही गोष्ट छोटी करून दिवाळी अंकाला पाठवा. ताईंनी तीन संध्याकाळी बसून ती पुन्हा लिहिली आणि जिल्ह्यातल्या एका अंकाला पाठवली. छापून आली. मानधन 700 रुपये. दोनदा फोन करावा लागला, पण आले. साठ भागांनी पैसे दिले नाहीत, पण साठ भाग लिहिल्यामुळे हात बसला आणि सातशेची गोष्ट लिहिता आली. असे सातशे रोज मिळत नाहीत, हेही खरं.

माझं मत मागाल तर ते असं. ऑनलाइन लिहिणं हे वाचक मिळवायला चांगलं ठिकाण आहे. रोजगार म्हणून त्यावर आज भिस्त ठेवू नका. पोरांची फी, गटाचा हप्ता या पैशांवर ठरवू नका. शिलाई, शेळ्या, किराणा सुरू ठेवा, आणि लिहा.

लिहिताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. लेखिकेने पैसे द्यायचे नसतात, घ्यायचे असतात. “तुमची निवड झाली, आता फी भरा” असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. ओटीपी कोणालाही देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. लाजून गप्प बसू नका. मी बसले होते.

दोन. तुम्ही लिहिलेलं तुमचं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून हक्क लेखिकेचा, तिच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं. नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून सही करण्याआधी, किंवा मोबाईलवर “मान्य आहे” दाबण्याआधी, कोणाकडून तरी वाचून घ्या. “ही गोष्ट फक्त आमच्याकडेच राहील” असं लिहिलंय का, ते खास बघा.

तीन. गोष्टीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. वहीत ठेवा, नाहीतर स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. मोबाईल हरवला, ॲप बंद पडलं, तरी गोष्ट राहिली पाहिजे.

चार. झोप विकून लिहू नका. रोज नवा भाग टाका म्हणून ॲप आठवण करत राहतं. ॲपला सकाळी पाचला पाणी भरायचं नसतं, आपल्याला असतं.

छापील पुस्तकाचं स्वप्न असेल तर त्यालाही वाट आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. अर्ज मागवले की आपल्या कार्यालयाच्या फलकावर मी लावीन. अर्ज भरायला मी बसेन तुमच्यासोबत.

फलटणच्या बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवायच्या. दुकानात बसून त्यांनी आपलं आयुष्य लिहून काढलं आणि घरच्यांपासून कितीतरी वर्षं लपवून ठेवलं. पुढे ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यांना लपवावं लागलं. आपल्या गटातल्या बाईला लपवावं लागू नये, एवढं तरी आपण करू शकतो.

शेवटचं सांगते आणि थांबते. डिसेंबरच्या बैठकीत त्याच गटाने ठराव केला. ताईंच्या पुस्तकासाठी शंभर जणांनी आगाऊ पैसे भरून नोंदणी केली, तर छपाईला कमी पडतील तेवढे पैसे गट अंतर्गत कर्ज म्हणून देईल. आजपर्यंत तेवीस नावं झाली आहेत. सर्वात पहिलं नाव, त्या दिवशी सगळ्यात आधी हसली होती, तिचं आहे. वही आज बाहेर टेबलावर ठेवली आहे. जाताना बघून जा.

जय ज्योती, जय सावित्री!