आधी लिहा, मग बोला
(मालवण येथे शैक्षणिक मदत समितीच्या सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागे एका शिष्यवृत्ती समितीवर मी होतो. एका मुलीच्या अर्जाला मी मनात 10 पैकी 8 गुण दिले होते. ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "हिचं लग्न होईल, शिक्षण सुटेल." मी 5 लिहिले. कुणी दबाव आणला नव्हता. मुलीचं नाव गेलं. आम्ही 'एकमताने निर्णय' असं लिहून चहा घेतला.

हे मोठ्या ठिकाणीही घडतं. स्वीडनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे 1995 मध्ये संशोधनवृत्तीसाठी 114 अर्ज आले होते. क्रिस्टिन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या संशोधिकांनी ते तपासले आणि निष्कर्ष 1997 मध्ये 'नेचर'मध्ये छापले. पुरुषाइतके गुण मिळवायला बाईला सुमारे अडीच पट काम दाखवावं लागत होतं. समितीत ओळखीचा माणूस असला तर तोही फायदा. तो नियमाप्रमाणे बाजूला बसायचा. तरी बाकीचे त्याच्या माणसाला जास्त गुण द्यायचे.

चर्चेने हे सुधारतं का? अमेरिकेत अभ्यासकांनी आरोग्य-संशोधनाच्या अनुदान समित्यांसारख्या 4 समित्या प्रयोगासाठी बसवल्या. अर्ज एकाच गठ्ठ्यातले. चर्चेनंतर प्रत्येक समितीतले सदस्य एकमेकांच्या जवळ आले, पण समित्या-समित्यांमधला फरक वाढला. म्हणजे एकमत झालं ते त्या खोलीपुरतं. शेजारच्या खोलीत त्याच अर्जाचं नशीब वेगळं असतं.

मी सॉफ्टवेअरवाला. कामाला किती दिवस लागतील हे ठरवताना आमच्याकडे प्रत्येक जण आकड्याचा पत्ता उपडा ठेवतो आणि सगळे एकदम उलटतात. साहेबांचा आकडा आधी कळला की सगळे तिकडेच सरकतात, म्हणून ही रीत. ज्याचा आकडा सर्वांत वेगळा, त्याला आधी विचारतात, "तुला काय दिसलं?"

मालवणातून मुंबई-पुण्याला शिकायला जायचं तर फी आणि खोलीचं भाडं हाच अडसर असतो. आपल्या निर्णयावर कुणाचं तरी वर्ष अवलंबून आहे. म्हणून 3 गोष्टी करूया. चर्चेआधी प्रत्येकाने गुण कागदावर लिहून सही करायची. बोलायला सुरुवात सर्वांत लहान सदस्याने करायची, ज्येष्ठांनी शेवटी बोलायचं. नंतर गुण बदलले तर कारण लिहायचं.

यात ज्येष्ठांचा मान कमी होत नाही. त्या दिवशी मला कारण लिहावं लागलं असतं, तर 'लग्न होईल' असं लिहायला माझा हात धजावला नसता.