बाळाच्या खोलींतील फिरता दिवा

आज मी आपणांसमोर कोणा थोर पुरुषाचें चरित्र किंवा एखादें गहन शास्त्र घेऊन आलेलों नाहीं. लहान मुलाच्या निजण्याच्या खोलींत रात्रीं मंद तेवणारा व मोटरीच्या साह्यानें सावकाश फिरणारा एक दिवा घरच्या घरीं कसा योजावा, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान खरा. परंतु ज्या घरांतील मूल रात्रीं अंधाराला भिऊन उठतें, त्या घराला तो लहान वाटत नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारी नोकरी शाळेंत मुलें शिकविण्यांत गेली. विजेचें काम मला कोणीं शिकविलें नाहीं. तें मी थोडें पुस्तकांतून व बरेंचसें स्वतःच्या चुकांतून शिकलों. त्या चुकाही आज सांगणार आहें, कारण कृतीपेक्षां त्यांचाच उपयोग अधिक होईल.

आम्ही नवी मुंबईंत नेरूळ येथें राहतों. माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याला आजीच्या कुशींत, तिची गोष्ट ऐकत निजण्याची संवय होती. गेल्या पावसाळ्यांत त्याची आजी आम्हांस सोडून गेली. त्यानंतर मुलगा रात्रीं दचकून उठूं लागला, आणि खोलींतील ट्यूब जळती ठेवल्याशिवाय डोळे मिटीना. ट्यूब जळती ठेवावी, तर झोंप पुरी होत नसे, व सकाळीं शाळेच्या वेळीं तो पेंगत असे.

मला नवल वाटे तें असें, कीं आमच्या शहरांत खरा काळोख आहेच कोठें? १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि खाडीकांठचीं भातशेतें, मिठागरें व आगरी-कोळ्यांचीं गांवें होतीं त्या भूमीवर हें नगर उभें राहिलें. आज पामबीच मार्गावरील दिव्यांचा उजेड रात्रभर आमच्या खिडकीच्या पडद्यांतून आंत झिरपतो. तेव्हां मुलाला भय वाटतें तें अंधाराचें नव्हे, अंधारांत एकटें असण्याचें, हें माझ्या ध्यानीं आलें. मग दिवा करावयाचा तो अंधार घालविण्यासाठीं नव्हे, तर अंधारांत सोबत देण्यासाठीं. श्रोतेहो, या एका वाक्यांत माझ्या भाषणाचें सार आहे. पुढील सर्व मोजमाप त्यांतूनच निघतें.

रात्रभर पांढरा दिवा कां नसावा, त्याला शास्त्राचाही आधार आहे. आपल्या मेंदूंतील एक लहानशी ग्रंथि रात्रीं मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य स्रवते व त्यानें शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. हें द्रव्य १९५८ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर अ‍ॅरन लर्नर यांनीं शोधून वेगळें केलें. पुढें २००२ सालीं असें आढळलें, कीं डोळ्याच्या पडद्यांत कांहीं पेशी अशा आहेत, कीं त्या मुख्यत्वें चित्र पाहण्यासाठीं नसून दिवस कीं रात्र हें मेंदूला कळविण्यासाठीं आहेत. त्यांना निळसर प्रकाश विशेष जाणवतो. पांढऱ्या प्रकाशांत हा निळा अंश पुष्कळ असतो. नारिंगी प्रकाशांत तो जवळजवळ नसतो. म्हणून निजण्याच्या खोलींतील दिवा नारिंगी व मंद असावा, हा पहिला नियम.

फिरत्या दिव्याची कल्पना मुळींच नवी नाहीं. चीनमध्यें धांवत्या घोड्यांचा कंदील फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. आंतील ज्योतीनें तापलेली हवा वर चढते, कागदी पात्यांचें चाक फिरवते, आणि चाकाला लाविलेल्या घोड्यांच्या सांवल्या कंदिलावर धांवूं लागतात. आपल्या कोंकणांत पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सांवल्या पडद्यावर नाचवीत आले आहेत. आणि आमच्यापासून फार दूर नसलेल्या कल्याण येथें महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिका या नांवानें, कांचेवर रंगविलेलीं चित्रें कंदिलाच्या प्रकाशानें पडद्यावर पाडून, त्यांत हालचाल भासविण्याचे खेळ सुरू केले. चलच्चित्रपट आपल्याकडे येण्यापूर्वींची ही गोष्ट. तेव्हां आपण घरांत असा दिवा करूं लागतों, तेव्हां एका जुन्या परंपरेचा धागा हातीं घेतों.

आतां दिव्यावर चित्र कशाचें असावें? बाजारांत चंद्र-तारे मिळतात, मोटारी मिळतात. परंतु माझें मत असें, कीं मुलानें जें डोळ्यांनीं पाहिलें आहे व ज्यावर त्याची माया आहे, तेंच घ्यावें. आमच्या घरीं निवड कठीण नव्हती. हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. इंग्रजींत त्यांना फ्लेमिंगो म्हणतात, व तें नांव आमच्याकडे मुलांच्याही तोंडीं आहे. त्यांच्यासाठीं २०१५ सालीं या खाडींत अभयारण्य घोषित झालें, आणि २०२२ सालीं या पाणथळीला रामसर यादींत स्थान मिळालें. सीवूड्सच्या मागील पाणथळीच्या बांधावर उभी राहून आजीनेंच नातवाला ते प्रथम दाखविले होते, आणि खाल्लेल्या शेवाळांतून व बारीक जलचरांतून त्यांच्या पिसांना गुलाबी रंग कसा चढतो, तेंही सांगितलें होतें.

आतां माझी पहिली फजिती ऐका. मीं कोणताही आराखडा न काढतां काम आरंभिलें. शून्याचा दिवा म्हणून जो बल्ब आपण देवघरांत लावतों तो घेतला. शून्याचा म्हणतात, पण तो दहा-पंधरा वॉट वीज खातो व चांगला तापतो. त्याच्याभोंवतीं पारदर्शक कागदाचें नळकांडें, त्यावर काळ्या कागदाचे पक्षी चिकटविलेले, आणि फिरविण्यासाठीं मोडक्या मायक्रोवेव्ह भट्टीची, खालची कांचेची थाळी फिरविणारी मोटर. ही मोटर थेट २३० व्होल्टवर चालते. रात्रीं दिवा लाविला. पांच मिनिटांत कागद करपल्याचा वास आला. मोटर घूं-घूं करीत मिनिटास पांच-सहा फेरे घेऊं लागली, आणि भिंतीवरून मोठाल्या, अस्पष्ट, काळ्या आकृति सुसाट धांवूं लागल्या. मुलगा किंचाळून आईला बिलगला. सूनबाईनें बटण बंद केलें आणि शांतपणें विचारलें, "बाबा, ह्या तारेला याचें बोट लागणार नाहीं, याची हमी तुम्हीं द्याल का?" मला हमी देतां येईना. जन्मभर मुलांना आधीं आकृति काढा, मग उत्तर लिहा, असें सांगणारा मी. स्वतःच्या बाबतींत तें विसरलों होतों.

दुसरे दिवशीं मीं नातवाला कागद-पेन्सिल घेऊन शेजारीं बसविलें आणि विचारलें, "काल काय चुकलें, सांग पाहूं." तो म्हणाला, "आजोबा, पक्षी काळे कां केलेत? ते भुतासारखे दिसतात. पक्षी उजेडाचे करा." श्रोतेहो, एवढ्या वयांत मला जें सुचलें नाहीं, तें त्यानें एका वाक्यांत सांगितलें. पारदर्शक कागदावर काळा पक्षी चिकटविला तर सांवली धांवते. काळ्या कागदांतून पक्ष्याचा आकार कापून काढला तर प्रकाशच पक्षी होऊन भिंतीवर उतरतो. मुलाला सांवलीचें भय वाटतें, प्रकाशाच्या पक्ष्याची सोबत होते. तेथून खरा आराखडा सुरू झाला.

प्रथम भूमिति पाहूं. प्रकाशाचें उगमस्थान जितकें बारीक, तितकी आकृति रेखीव. बल्बची तार लांब पसरलेली, म्हणून आकृति पुसट झाली. त्याऐवजीं एकच बारीक एलईडी घ्यावा, नारिंगी रंगाचा व चपट्या डोक्याचा. गोल डोक्याचा एलईडी प्रकाश एकाच दिशेला फेंकतो. आकृतीचा आकार साध्या त्रैराशिकानें काढतां येतो. नळकांड्याचा व्यास २० सेंटीमीटर ठेवला व एलईडी मधोमध बसविला, तर त्याच्यापासून कागद १० सेंटीमीटरवर येतो. भिंत १५० सेंटीमीटरवर असेल, तर आकृति १५ पट होते; म्हणजे २ सेंटीमीटरचा पक्षी भिंतीवर ३० सेंटीमीटरचा दिसतो. याहून मोठा नको. मुलाहून मोठें कांहींही भिंतीवर फिरूं देऊं नये, असा माझा नियम आहे. नळकांड्याचा परीघ सुमारें ६३ सेंटीमीटर भरतो. त्यांत आठ पक्षी सुखानें मावतात. पक्षी कापतांना मान पुढें व पाय मागें सरळ ताणलेले दाखवावे, कारण रोहित पक्षी तसाच उडतो. छिद्रांवर आंतून गुलाबी जिलेटीनचा कागद चिकटवावा.

आतां वेग. दीड मीटरवरील भिंतीवर आकृतीला एका फेऱ्यांत सुमारें साडेनऊ मीटर जावें लागतें. नळकांड्यानें मिनिटास पांच फेरे घेतले, तर पक्षी सेकंदाला जवळजवळ ८० सेंटीमीटर पळतो. ही पहिल्या रात्रींची धांदल. मिनिटास एकच फेरा घेतला, तर तो सेकंदाला १६ सेंटीमीटर सरकतो व साडेसात सेकंदांनीं दुसरा पक्षी येतो. निजणाऱ्या मुलासाठीं हाच वेग मला योग्य वाटला. यासाठीं दांतेरी चक्रें बसविलेली लहान गिअर मोटर मिळते. १२ व्होल्टवर मिनिटास दोन फेरे घेणारी मोटर ५ व्होल्टवर चालविली, कीं ती एका फेऱ्याहून थोडें कमीच फिरते व आवाजही कमी करते. मात्र विकत घेण्यापूर्वीं ५ व्होल्टवर ती सुरू होते ना, हें दुकानांतच पाहून घ्यावें. मीं ती मुंबईंत डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे ज्याला सर्वजण लॅमिंग्टन रोड म्हणतात तेथील बाजारांत, असें पाहूनच घेतली.

मांडणीविषयीं एक अडचण प्रत्येकाला येते. मोटर खालीं ठेवली, तर तिच्या दांड्यामुळें एलईडी मधोमध बसत नाहीं. म्हणून मोटर वर टांगावी. लाकडी पाटावर, भिंतीकडील बाजूला एक उभी पट्टी ठोकावी व तिला रस्त्यावरील दिव्याच्या खांबासारखा आडवा हात द्यावा. हाताला मोटर, मोटरीला उघड्या बुडाचें हलकें नळकांडें, आणि पाटावरून वर आलेल्या काडीच्या टोंकाला एलईडी. मोटर व लाकूड यांमध्यें सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालावा. घरघर उरत नाहीं.

विजेची जोडणी सोपी आहे. मोबाईलचा ५ व्होल्टचा बंद चार्जर घ्यावा. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह असावें. एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर जोडावा, म्हणजे त्यांतून सुमारें ९ मिलिअँपिअर प्रवाह जातो व तो जळत नाहीं. दिव्याला एक व मोटरीला एक, अशीं दोन निराळीं बटणें ठेवावीं. मूल निजल्यावर मोटर थांबवितां येते. दोन्हींचा मिळून खर्च अर्ध्या वॉटच्या आंत. रोज नऊ तास चालला तरी वर्षाला दीड युनिटच्या आसपास वीज लागेल.

सुरक्षिततेविषयीं तीन गोष्टी विसरूं नका. २३० व्होल्टची तार मुलाच्या खोलींत घरगुती कामांत उघडूं नये. चार्जरची तार बिछान्याजवळ लोंबती ठेवूं नये, व दिवा मुलाच्या हाताबाहेर, फळीवर ठेवावा. आणि बटणाएवढे चपटे सेल यांत मुळींच वापरूं नयेत. मुलानें असा सेल गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजूं शकते.

हें सर्व करावयास आम्हांला चार रविवार लागले. पक्षी नातवानें आंखले, मीं कापले. दिवा प्रथम लाविला तेव्हां त्यानें तक्रार केली, कीं पक्षी पुरते गुलाबी नाहींत, थोडे केशरी दिसतात. मीं सांगितलें, "संध्याकाळीं खाडीवर ऊन कलतें, तेव्हां ते असेच दिसतात." त्यानें थोडा विचार केला व म्हणाला, "हो, आजीबरोबर पाहिले तेव्हां असेच होते." त्या दिवसापासून ट्यूब बंद झाली. एकदम सर्व भय गेलें असें मी म्हणणार नाहीं. अजूनही एखाद्या रात्रीं तो उठतो. परंतु आतां हांक मारीत नाहीं. पक्षी मोजतो आणि निजतो. माझीही झोंप त्या पावसाळ्यापासून मोडली होती. दाराच्या फटींतून तो केशरी उजेड सरकतांना पाहिला, कीं मलाही बरें वाटतें.

म्हणून माझी विनंति एवढीच, कीं असा दिवा करावयाचा असेल तर हत्यारें काढण्याआधीं कागद काढा, आणि कागदावर पहिली रेघ मुलाच्या हातून ओढवा. त्याला कशाचें भय वाटतें व कशाची सोबत हवी आहे, हें त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतें.