शाळेतील संगणक : विंडोज की लिनक्स?
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आज मांडावयाचा विषय वरकरणी तांत्रिक आहे. परंतु त्याचा संबंध आपल्या वर्गातील मुलाच्या बोटांशी आहे. ती बोटे कळफलकावर पडतात की नाही, हा या विषयाचा गाभा होय.

ग्रामपंचायत, देणगीदार व शासकीय योजना यांच्याकडून आपल्या शाळांना संगणक मिळाले. त्यांपैकी पुष्कळ आता आठ-दहा वर्षांचे झाले. त्यांच्यावरील विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. विंडोज ११ घालावी, तर तिला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. जुनी यंत्रे बहुधा या अटींत बसत नाहीत. मग ती कापडाखाली झाकून ठेवली जातात. डेडस्टॉक रजिस्टरमधील त्यांची नोंद चोख असते. मुलांना मात्र त्यांचा स्पर्श होत नाही. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. त्याच्यावर चालणाऱ्या प्रणालीची मागणी तेवढी वाढलेली असते.

प्रणाली म्हणजे काय, हे आपणांस शाळेच्याच दृष्टान्ताने समजेल. मुख्याध्यापक जसे वर्ग, वेळ आणि माणसे यांची वाटणी करून शाळा चालवितात, तद्वतच संचालन प्रणाली संगणकाची स्मृती, पडदा, कळफलक व छपाईयंत्र यांची व्यवस्था पाहते. विंडोज ही एका कंपनीची मालमत्ता आहे. ती परवान्याने मिळते. लिनक्सची गोष्ट निराळी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंच्या संयोगातून ही प्रणाली उभी राहिली. एखाद्या शिक्षकाने आपले पाठटाचण सर्वांना द्यावे, दुसऱ्याने त्यात सुधारणा करावी, व सुधारलेले टाचणही सर्वांस खुले ठेवावे, असा तिचा नियम आहे. उबंटू, लिनक्स मिंट, तसेच आपल्या देशात सी-डॅकने तयार केलेली बॉस ही तिचीच रूपे होत.

आता दोन्ही बाजू निःपक्षपातीपणे पाहू. विंडोजची बाजू दुबळी नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा हात तिच्यावर बसलेला आहे. तालुक्याच्या दुकानदारास तीच दुरुस्त करता येते. काही छपाईयंत्रे, स्कॅनर व डिजिटल स्वाक्षरीची साधने तिच्यावर विनासायास चालतात, लिनक्सवर मात्र अडतात. शिवाय श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत केलेली आपली कागदपत्रे, तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडली असता, अक्षरांचा निव्वळ गोंधळ दिसतो.

लिनक्सची बाजू अशी. लिनक्स मिंटला २ जीबी स्मृती व २० जीबी साठवण एवढ्यावर काम करता येते. ४ जीबी असल्यास ते सुखाने होते. परवान्याचा खर्च नाही, त्यामुळे सादिलावर भार पडत नाही. युनिकोड मराठी व इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहेत. लेखनासाठी लिबरऑफिस, लहान मुलांच्या चित्रकलेसाठी टक्स पेंट, खेळांतून अभ्यासासाठी जीकॉम्प्रिस ही साधने विनामूल्य मिळतात. यू-डायस किंवा सरल यांची माहिती भरण्याचे काम ब्राउझरमधून होते. त्यासाठी विंडोजच हवी असे नाही.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. दुकानदार ‘फुकट टाकून देतो’ ती विंडोज परवान्याची असतेच असे नाही. ज्या खोलीत आपण मुलांना प्रामाणिकपणाचे धडे देतो, त्याच खोलीत चोरीची प्रत चालू असावी, हे आपल्या पेशास शोभत नाही. विंडोज वापरावयाची तर परवान्यासह वापरावी. परवाना परवडत नसेल, तर लिनक्सचा सन्मान्य मार्ग खुला आहे.

या मार्गाने इतर कोठवर गेले, तेही पाहावे. केरळने २००१ साली आयटी अ‍ॅट स्कूल हा प्रकल्प सुरू केला. पुढे तेथील सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर आल्या. २०१७ पासून हे काम काइट ही संस्था पाहते. तेथे केवळ प्रणाली बदलली नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर बेतली, आणि २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थी मंडळे काढून यंत्रांची देखभाल मुलांनाही शिकविली. याउलट जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने वर्षानुवर्षे खपून आपली कार्यालये लिनक्सवर आणली, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. या दोन उदाहरणांवरून मी एवढाच बोध घेतो की, प्रणाली टिकते ती तिच्या गुणांवर जितकी, तितकीच ती सांभाळणाऱ्या माणसांवर टिकते. ‘कोणती चांगली?’ या प्रश्नाच्या आधी ‘बिघडली तर आपल्यापैकी कोण पाहील?’ हा प्रश्न शाळेने विचारावा.

माझे मत थोडक्यात येणेप्रमाणे आहे :

१. ज्या संगणकावर परवान्याची विंडोज ११ सुरळीत चालते, तेथे उगाच बदल करू नये.

२. कार्यालयीन कामाचा संगणक छपाईयंत्रास वा स्वाक्षरीच्या साधनास बांधलेला असेल, तर तो विंडोजवर राहू द्यावा. मुलांच्या हाती द्यावयाच्या जुन्या संगणकांवर लिनक्स घालावी.

३. बदलापूर्वी लिनक्सची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करून पाहावा. अशा रीतीने मूळ प्रणालीला धक्का न लावता पडदा, ध्वनी, छपाई व इंटरनेट यांची परीक्षा होते.

४. संगणकातील निकालपत्रके, छायाचित्रे व पत्रव्यवहार यांची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी. प्रणाली बसविताना चूक झाल्यास सर्व पुसले जाऊ शकते. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे.

५. केंद्रातील सर्व शाळांनी एकच लिनक्स निवडावी, व तिची दीर्घ आधाराची आवृत्तीच घ्यावी. उदाहरणार्थ, २०२४ साली निघालेल्या लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. प्रत्येक केंद्रात निदान दोन शिक्षकांनी ती नीट शिकून घ्यावी. एकाची बदली झाली तरी काम अडू नये.

कोणी विचारतील, ‘मुलांना पुढे विंडोजच लागेल, मग लिनक्स कशाला?’ याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. पाटीवर अक्षर गिरविलेले मूल वहीवर लिहावयास अडत नाही. फाइल जपणे, मजकूर टंकणे, चित्र काढणे, चूक शोधून सुधारणे, ही कौशल्ये प्रणालीबरोबर बदलत नाहीत. संगणकाला हातच न लावलेले मूल मात्र कोणत्याही प्रणालीपुढे बिचकते. शहरातील मुलाच्या घरी संगणक असतो. आपल्या मुलाला तो शाळेतच भेटणार. म्हणून आपापल्या शाळेतील झाकलेले संगणक या महिन्यात एकदा उघडावेत, ते सुरू होतात का ते पाहावे, आणि किती उपयोगात येण्याजोगे आहेत ते केंद्रप्रमुखांना कळवावे. पुढील परिषदेत आपण त्यांपैकी एकावर लिनक्स प्रत्यक्ष बसवून पाहू.

— शिक्षण विस्तार अधिकारी